गरम गाडी दादा बघायचा नाही

त्या शुक्रवारी सकाळच्या शाळेची प्रार्थना संपून मुलं वर्गात निघाली होती, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नाही. "वन्सं, हे शटर उचलाया गेले अन् खालीच बसलेत. उठत न्हाईत," एवढंच ती म्हणाली. लेण्याद्रीच्या पायथ्याजवळच्या माझ्या शाळेपासून पिंपरी पेंढारपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा गॅरेजचं शटर गुडघ्याएवढंच वर उचललेलं होतं, आणि दादाला आत नेऊन गाड्या पुसायच्या चिंध्यांच्या ढिगाशेजारी आडवं केलेलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माझा भाऊ. आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक असलेला बबन मिस्तरी. त्या सकाळी त्यानं अजून एकाही गाडीला हात लावला नव्हता.

आज पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मला भेटलेल्या प्रत्येकानं दोनपैकी एक वाक्य ऐकवलं आहे. पहिलं, चांगली माणसं देवालाही हवी असतात. असतील. पण देवाला गाड्या दुरुस्त करून घ्यायच्या होत्या तर त्यानं आमच्यासारखा नंबर लावायचा होता, दादा नंबर सोडून कुणाचं काम करत नसे. दुसरं वाक्य जास्त डाचतं. बबनरावांनी दुखणं अंगावर काढलं, कुणाला बोलले नाहीत. हे वाक्य साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून हा लेख. कुणाला रडवण्यासाठी मी तो लिहीत नाही.

आमचे आबा मेंढरं राखायचे. पुढे थोडी शेती झाली, मेंढरं कमी होत गेली, पण आबांची एक सवय सुटली नाही. उन्हं वर यायच्या आत, कळप वाड्यातून सोडण्याआधी, ते एकेका मेंढराजवळ जाऊन त्याचा कान हातात धरून ताप बघत. आम्ही दोघं भावंडं पेंगत पाठीमागे. आबा म्हणायचे, एकदा का कळप चालू लागला की आजारी मेंढरूसुद्धा इतरांबरोबर चालतं, मान हलवतं, चरतं, आणि तुम्हाला काही कळत नाही. बघायचं ते उभं असताना बघायचं. मी हे ऐकून सोडून दिलं आणि डीएड करून मास्तरीण झाले. दादा दहावीला दोनदा आपटला, आळेफाट्यावर एका गॅरेजात लागला, आणि आबांची ती सवय त्यानं तशीच्या तशी इंजिनांना लावली.

त्याचा नियम सोपा होता. गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना कुरकुरत असेल, तर ती आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे आणून सोडायची, किल्ली द्यायची आणि घरी जायचं. सकाळी तो एकटा तिच्यापाशी जाणार. पहिली चार मिनिटं त्याची. या चार मिनिटांत इंजिन जे सांगतं ते नंतर दिवसभर सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. कुणी वीस किलोमीटर चालवून गाडी दारात आणली, तर तो बॉनेटवर पंजा टेकवायचा आणि म्हणायचा, "पावणं, ही गरम हाय. हिला काय इचारू मी?" माणसं चिडायची, दुसरीकडे जायची, आणि बहुतेक वेळा महिन्याभरात परत यायची. मीही त्याला हेकट म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

मग माझी वेळ आली. चार वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका तरुणाकडून जुनी पेट्रोल गाडी घेतली. लाल, दिसायला साधी. घरी आणल्यावर कळलं की त्या पोरानं तिचं ट्यूनिंग करून घेतलेलं आहे. इंजिनाचा मूळचा कॉम्प्युटर काढून दुसरा बसवलेला, आतले बरेच भाग बदललेले, आणि सायलेन्सर असा की मी शाळेच्या फाटकातून शिरले की सातवीचा वर्ग खिडकीत. पन्नाशीची, चष्मेवाली, गणिताची बाई आणि खाली ही रणगाड्यासारखी गुरगुरणारी गाडी. आळ्यात, आमच्या गावात, लोक मला हसले. हसू देत म्हटलं. मला ती आवडली होती. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी उठायची तसं माझ्या आयुष्यात दुसरं काहीच उठत नव्हतं.

फक्त एक गोष्ट होती. सकाळी घरातून निघाल्यावर पहिली काही मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती पुढे जायच्या ऐवजी दबायची. क्षणभर घुटमळायची, आचका द्यायची, मग सावरायची. आणि आमचं घर हायवेपासून दोन मिनिटांवर! एका सकाळी मी मोकळी जागा बघून हायवेवर चढले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी भर रस्त्यात आडवी, अर्धमेली. डावीकडून कांद्याचा ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरनं चाकं मातीत घातली म्हणून मी आज हे लिहिते आहे. तो खाली उतरला, मला काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला, आणि पाण्याची बाटली देऊन निघून गेला.

त्यानंतर मी ज्या ज्या माणसाकडे गेले त्यानं मला एकच उत्तर दिलं. गाडीत काही नाही. पुण्याच्या ज्या ट्यूनिंगवाल्यानं ती गाडी बनवली होती त्याच्याकडेही गेले. त्यानं गाडी रोलरवर चढवली, जागच्या जागी ताणून पळवली, पडद्यावर ताकदीची चढत जाणारी रेघ दाखवली आणि हसत म्हणाला की मॅडम, गाडी एक नंबर आहे, तुम्ही क्लच जरा घाईनं सोडत असाल. माझे यजमानही म्हणाले, असेल तसं, सवय नाही तुला असल्या गाडीची. वीस वर्षं गाडी चालवतेय मी. पण चार माणसांनी एकच सांगितलं की आपल्यालाही आपल्या पायाची शंका येते, आणि मला ती यायला लागली होती. मी सकाळी हायवेच्या तोंडाशी पाच-पाच मिनिटं थांबायला लागले. गाडी विकावी असं ठरत आलं होतं.

दादाला मी सांगितलं ते सगळ्यात शेवटी, कारण घरच्या वैद्याला किंमत नसते. त्यानं एक प्रश्न विचारला, "पहिल्यांदाच व्हतं का? गरम झाल्यावर न्हाई?" मी म्हटलं, गरम झाल्यावर नाही. "मग खरं हाय तुझं. आन गाडी." इतकंच. पडद्यावरची रेघ नको, माझ्या क्लचची परीक्षा नको. त्याचं ते 'खरं हाय तुझं' ऐकून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये फोन हातात धरून बसून राहिले होते, हे आज कबूल करते.

संध्याकाळी गाडी त्याच्याकडे ठेवली आणि मीही तिथंच मुक्काम केला. आणि मग मी जे केलं ते आपल्याकडचंच माणूस करू जाणे. दवाखान्यात जायचं तर आपण आधी अंघोळ करतो, धुतलेलं पातळ नेसतो, केस विंचरतो, आणि डॉक्टरनं कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणतो. मी पहाटे उठले, दादा अजून अंथरुणात, म्हटलं गाडी किती घाण आहे, भावापुढे अशी कशी ठेवू. पुसून काढली, सुरू केली, पेट्रोलपंपापर्यंत जाऊन टायरमध्ये हवाही भरून आणली. परत आले तर दादा दारात उभा. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. "कुंदे," तो म्हणाला, "पेशंट बरा करून दवाखान्यात आणती का तू?" त्या दिवशी तो माझ्याशी जेवतानाही बोलला नाही. दुसऱ्या रात्री किल्ली उशाखाली घेऊन गाडीशेजारीच खाट टाकून झोपला.

दुसऱ्या सकाळी त्यानं गाडी सुरू केली, दाबली, ती घुटमळली, आणि त्यानं मला हाक मारून ते दाखवलं. पेट्रोल कमी पडतंय म्हणाला. पंप तपासला, फिल्टर बदलला. आणि चुकला. तिसऱ्या सकाळी गाडी तशीच दबली. मला वाटलं आता हाही पुण्यावाल्यासारखं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "मी चुकलो. गाडी न्हाई." आणि गेला शेजारच्या पोल्ट्रीवर. तिथून पिल्लांच्या शेडमधला तापमापक मागून आणला आणि बॉनेटखाली टांगून ठेवला.

चौथ्या दिवशी मी बरोबर उठले. डिसेंबर होता, तोंडातून वाफ निघत होती. तापमापकावर बारा अंश. दादानं इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि हातातल्या छोट्या स्कॅनरवर गाडीच्या आतले आकडे काढले. इंजिनात शिरणारी हवा, बारा. इंजिनातलं पाणी, अडतीस. त्यानं तो आकडा माझ्यापुढे धरला. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी. हवा, पाणी, लोखंड सगळं एकाच तापमानाला असणार, हे सातवीच्या मुलालाही कळतं. पण पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर सांगत होता की इंजिन कोमट आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ते बिचाऱ्या कॉम्प्युटरनं दिलंच नाही, कारण त्याला वाटत होतं इंजिन तापलेलं आहे. नव्या कॉम्प्युटरशी न जुळणारा सेन्सर बसवलेला होता. गाडी खरोखर तापली की सेन्सरचा आकडा आणि खरं तापमान जवळपास येत आणि चूक झाकली जाई. पुण्याच्या रोलरवर ती कधी दिसणारच नव्हती, कारण तिथं गाडी थंड असताना कुणी चढवतच नाही.

त्यानं जुळणारा सेन्सर मिळवून बसवला. पाचव्या सकाळी मी स्वतः गाडी सुरू केली आणि थेट हायवेवर चढवली. ती उठली. मी ओतूरपर्यंत जाऊन आले, उगीचच. परत आले तर दादानं पुण्याच्या त्या माणसाला फोन लावलेला होता. न चिडता समजावत होता की कॉम्प्युटरमध्ये त्या सेन्सरचे थंडीचे आकडे बघा, बाकीच्यांच्याही गाड्यांत हेच असंल. पलीकडून काहीतरी उलटं आलं असावं. दादा म्हणाला, "राव, गाडी चालवणारी रोज सांगत व्हती तुमाला. तुमी रेघ बघत बसले." फोन ठेवून दिला. आमच्या घरात माझ्या बाजूनं इतकं स्पष्ट कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आता पुढचं. गेल्या श्रावणात दादा मला म्हणाला की सकाळी शटर उचललं की छातीवर काहीतरी बसतं. दाबल्यासारखं होतं, डावा हात जड पडतो. थोडं थांबलं, काम सुरू झालं की जातं. मग दिवसभर काही नाही, इंजिन उचलून ठेवलं तरी नाही. मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, गॅस असेल, रात्री मटकीची उसळ खाऊ नकोस, ओवा चघळ. ज्यानं माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून चार पहाटा घालवल्या, त्याला मी ओवा दिला.

दिवाळीनंतर तो आपणहून एका दवाखान्यात जाऊन आला. दवाखाना दहाला उघडतो. त्याचा नंबर लागेपर्यंत बारा वाजले. पहाटेपासून राबलेला माणूस, अंग मोकळं झालेलं, आपल्या पायांनी जिना चढून गेलेला. हृदयाचा आलेख काढला, चांगला आला. तो कागद त्यानं मला दाखवला आणि मी एखाद्या विजयी वीरासारखी म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? दादा हसला. "गरम गाडी दाखवली गं मी," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुंदे, एकदा पहाटं येती का? मी शटर उचलतो, तू बघ काय व्हतं ते. आपण तसंच्या तसं मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी एकटा सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई." तो सोमवार होता. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते, निकालाची गडबड होती. मी म्हणाले, रविवारी येते.

तो शुक्रवारी गेला. मला कुणी समजावू नये. आयुष्याची दोरी वगैरे मला सांगू नये. दवाखान्यात नेला असता तरी गेला असता, असं म्हणणाऱ्या एका शहाण्याला मी परवा घरातून उठवलं आहे. मोठ्या दवाखान्यात गेलो असतो तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्यानं जे मागितलं ते मी दिलं नाही, आणि ते मागणं एका पहाटेचं होतं.

मंचरपासून वर ओतूरपर्यंत आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो. नदीकाठी मांडव, आधी प्रवचन, मग गावोगावचे पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. मेलेल्या माणसाला न ओळखणारेही बोलतात, आणि बायका एका बाजूला पदर सावरून बसलेल्या. दादाच्या दहाव्यालाही तसंच झालं. एक पुढारी उठले. बबनराव म्हणजे सोशिक माणूस, शेवटपर्यंत दुखणं मनात ठेवलं, कधी कुणाला सांगितलं नाही, आजच्या पिढीनं हा गुण... मी उठले. मला कुणी बोलावलं नव्हतं. यजमानांनी पाठीमागून खूण केली ती मी बघितली आणि बघितली नाही असं केलं. माइकशी गेले आणि म्हणाले, "माझा भाऊ सोशिक नव्हता. त्यानं सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, नीट, तारीखवार सांगितलं होतं. मी रविवार म्हणाले. त्याला मुका म्हणू नका, मी बहिरी होते." पुढाऱ्यांनी माइकसाठी हात पुढे केला. मी तो लगेच दिला नाही. आणखी काही बोलायचं होतं म्हणून नाही... नुसती उभी राहिले. नदीकाठी एवढी माणसं, आणि काही क्षण सगळे माझ्याकडे बघत होते. बघू दे म्हटलं.

मला भीती होती ती फक्त वहिनीची. भर मांडवात आपल्या नवऱ्याबद्दल नणंद असं बोलली. आणि बोलली ते काय, तर मला ठाऊक होतं, मी काही केलं नाही. तिनं मला घरात पाय ठेवू दिला नसता तरी मी तिला दोष दिला नसता. पाव्हणे पांगल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनी भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "वन्सं, मलाबी सांगत व्हते. रोज. शटर उचलून माघारी यायचे, हितं पाटावर टेकायचे, छाती चोळायचे. मी म्हणायचे आधी च्या घ्या. च्या पिला की बरं वाटायचं त्यास्नी." तिनं हातातला पेला खाली ठेवला. "मला वाटायचं, माझ्या च्याला गुण हाय."

तिला धरून रडावं असं मला वाटलं, पण मी रडले नाही, आणि तीही नाही. दोघी तशाच भिंतीला टेकून बसलो. बाहेर कुणीतरी विचारत होतं की गॅरेज आता बंद करणार का, कुणाला चालवायला देणार का. वहिनी उठून दारात गेली आणि म्हणाली की गॅरेज बंद होणार नाही, चुलत दिराचा मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, तोवर कुणी गाडी आणू नका. परत येऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी घरातून तासभर आधी निघते. अंधार फिटायच्या सुमाराला वहिनीच्या दारात असते, चूल पेटायच्या आधी. स्वयंपाकघरात जाते आणि विचारते, कसं वाटतंय. पहिले चार दिवस ती म्हणाली, बरं हाय. मी तिथंच बसून राहायचे, ती चहा करायची, आम्ही प्यायचो, मी शाळेला जायचे. पाचव्या दिवशी तिनं चूल पेटवायला काडी काढली आणि मी ती तिच्या हातातून घेतली. म्हटलं, चहा नंतर. आधी सांगा. तिनं काडेपेटी कोनाड्यात ठेवली. मग बोलायला लागली... झोप लागत नाही, पहाटे शटरचा आवाज येतो, उठून बघते तर काही नाही, पाय उचलत नाहीत, पाटावर बसवत नाही, आणि हे सगळं दहा वाजेपर्यंत जातं म्हणून कुणाला सांगत नाही. सांगता सांगता उजाडलं, उन्हं ओट्यावर आली. माझा पहिला तास सातवीचा होता. तो त्या दिवशी बुडाला. मुख्याध्यापकांनी लेखी कारण मागितलं आहे, आणि मी खरं तेच लिहून देणार आहे.